कोण झोपलंय?

झिंडेलफिंगेन
१२ फेब्रुवारी २००६

ती. अरुणाताई,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकला असाल. पण हे फोनवर बोलता येण्यासारखं नाही. लहूची कारखान्यात कायमची रात्रपाळी आहे हे तुम्हाला माहीतच आहे. गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेस रात्री बंद असतात, तेव्हाच त्यांची दुरुस्ती करता येते. सकाळी तो येतो, चार घास खातो आणि दुपार कलेपर्यंत झोपतो. आमचं घर दीड खोलीचं, फोन त्याच्या उशाशी. तो झोपलेला असताना बोलायचं नाही, जागा असताना त्याच्यासमोर बोलायचं नाही, आणि तो कामावर गेला की धम्मदीपा माझ्या पदराला. तिच्यासमोर तर हे मुळीच बोलायचं नाही.

परवा दीपाच्या वर्गशिक्षिकेनं, फ्राऊ लिंडनरनं, मला शाळेत बोलावलं. चौथीनंतर मूल कुठल्या शाळेत जाणार, याची शिफारस आता त्या लिहिणार आहेत. कॉफी पुढे सरकवून, गोड हसून म्हणाल्या, "हाऊप्टशूल." म्हणजे सगळ्यात खालची. तिथून पुढे विद्यापीठाचं दार दिसतसुद्धा नाही. आणि आमच्या राज्यात बाईंनी लिहिलं की लिहिलं, आईबापांच्या मताला कोण विचारतो! बरं, पोरीचे लेखी पेपर चांगले आहेत, गणित तर छानच आहे. मग असं का? तर म्हणे, "ती वर्गात असून नसल्यासारखी असते." हात वर करत नाही, विचारलं तर ओठ हलतात पण ऐकू काही येत नाही. तोंडी गुण नाहीतच, आणि इथे सगळा भाव तोंडी गुणांनाच.

मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, मुलगी शांत आहे, आम्ही तिला वळण लावलंय. त्यावर पुन्हा तेच हसू.

ताई, ते हसू माझ्या ओळखीचं आहे. माझ्या वडिलांना शाळेत दाराबाहेर बसवायचे. ते मास्तरही स्वभावानं फार गोड होते म्हणे. दीपाच्या वर्गात ती एकटीच सावळी आहे. येताना मी वर्गात डोकावून आले, तिची जागा शेवटच्या बाकावर आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

तुमच्या सुगतच्या वेळी हॅम्बर्गला असं काही झालं होतं का? तुम्ही काय केलं होतंत? उत्तर घरी पाठवू नका. मी सकाळी ज्या वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात जाते तिथला पत्ता मागे लिहिलाय. लहूला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुमची,
कीर्ती


हॅम्बर्ग
२० फेब्रुवारी २००६

चि. कीर्ती,
जय भीम.

आधी डोक्यात राख घालून घेणं थांबव. मला या देशात चोवीस वर्षं झाली. इथे आकसानं वागणारी माणसं भेटली, आणि नुसती मठ्ठ माणसं त्याहून जास्त भेटली. तुझी फ्राऊ लिंडनर कुठल्या जातीतली हे मला इथून पावसात बसून कसं कळणार? पण लढायचं. सुगतच्या बाई म्हणाल्या होत्या, "मुलगा जरा हळू आहे." मी म्हटलं, हळू आहे तर हळूच चालेल, पण गिम्नाझियुमच्या, विद्यापीठाकडे नेणाऱ्या रस्त्यानं चालेल. आमच्या शहरात शेवटचा शब्द आईबापांचा, त्यामुळे बाईंना गप्प बसावं लागलं. आज तो न्युरेम्बर्गला इंजिनिअरिंग शिकतोय आणि आईला महिन्यातून एकदा फोन करण्याइतका हुशार झालाय.

आता माझ्या मनातलं विचारते, रागावायचं तर रागाव. जानेवारीत दीपाच्या वाढदिवसाला मी फोन केला तेव्हा ती कुजबुजत होती. मी म्हटलं, मोठ्यानं बोल गं, आत्याला ऐकू येत नाही. तशी ती आणखी हळू झाली. मागे लहू खोकला आणि तिनं फोनच ठेवला. मी तेव्हापासून अस्वस्थ आहे.

आमचे वडील, दादा, आम्हाला कसे वाढवत होते हे लहूनं तुला सांगितलं असेल-नसेल. अभ्यासात चूक झाली की पट्टा निघायचा. मी मुलगी म्हणून सुटले, लहू सुटला नाही. मार खाल्लेली माणसं दोन तऱ्हेची होतात, एक हात कधीच न उचलणारी आणि दुसरी उचलणारी. माझा भाऊ कुठल्या तऱ्हेचा, हे मला ठाऊक आहे असं मी आजवर धरून चालले. लहू पोरीला मारतो का? सरळ लिही.

ईस्टरच्या सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव. गाडीत बसवून दे, मी उतरवून घेईन.

तुझी,
अरुणाताई


झिंडेलफिंगेन
५ मार्च २००६

ती. ताई,
जय भीम.

तुमचं पत्र धुलाईखान्यात चादरींच्या ढिगाआड उभी राहून वाचलं. लहूनं पोरीवर हात उचलला असं तुम्हाला वाटलंच कसं? तो तिला "माझी आई" म्हणतो. तुमचा सख्खा भाऊ आहे तो.

दीपा कुजबुजते कारण ती समजूतदार आहे. ऐकायचंय ती कशी आहे? शाळेतून आली की जिन्यातच बूट काढून हातात घेते. कडी दाबून धरून दार लावते, त्याचा टक असा आवाजसुद्धा होत नाही. पाण्याचा नळ धारेनं नाही, करंगळीएवढा सोडते. बाप पलंगावर झोपलेला असतो आणि ही त्याच पलंगाच्या पायथ्याशी सतरंजीवर बसून अभ्यास करते, पाठांतर नुसते ओठ हलवून. मैत्रिणींना घरी आणायचा हट्ट तिनं कधी केला नाही. हे तिला कुणी मारून शिकवलेलं नाही. तिला सहावं वर्ष चालू होतं तेव्हा आम्ही या घरात आलो, तेव्हापासून मी फक्त ओठांवर बोट ठेवते, बस्स.

आमच्या खाली राहणारी फ्राऊ फिस्टरर सगळ्या इमारतीवर डोळा ठेवून असते. जिना झाडायची पाळी आमची असली की आमच्यामागून कोपऱ्यात बोट फिरवून धूळ बघते. वरच्या तुर्की कुटुंबाविरुद्ध तिनं घरमालकाकडे तीनदा तक्रार केली, मुलं धावतात म्हणून. तीच बाई मला जिन्यात थांबवून म्हणाली, "तुमच्या घरात मूल आहे हे कळतसुद्धा नाही." इथे येऊन माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी त्या दिवशी शिरा केला.

शाळेचं मात्र चिघळत चाललंय. फ्राऊ लिंडनरनं परवा विचारलं, "घरी तिच्याशी कोण बोलतं?" म्हणजे काय? आम्ही काय मुके आहोत? मग म्हणाली, "मी एकदा तुमच्या घरी येऊ का?" ताई, इथे मुलांच्या सरकारी ऑफिसची माणसं घरातून मूल उचलून नेतात, असं मी धुलाईखान्यात ऐकलंय. तिला आमच्या घरात काय बघायचंय? दीड खोली? पोरीला वेगळा पलंग नाही हे? मी सांगितलं, नवरा झोपलेला असतो, येऊ नका. तिनं काहीतरी लिहून घेतलं.

दीपाला सुट्टीत पाठवते. तुमच्या शंकेचं समाधान व्हावं म्हणूनच पाठवते, हे स्पष्ट सांगते. दोन आठवडे, त्याहून एक दिवस जास्त नाही.

तुमची,
कीर्ती


हॅम्बर्ग
१६ एप्रिल २००६

प्रिय लहू आणि कीर्ती,

पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर आणि दोघांच्या नावानं पाठवतेय. कीर्ती, चिड खुशाल. नवऱ्यापासून लपवण्याची ही गोष्ट उरलेली नाही. लहू, तुझी पोरगी हाऊप्टशूलमध्ये चाललीय आणि तुला ते माहीत नाही. आता कळलं.

आधी माझी कबुली. पहिल्या दिवशी न्हाऊ घालण्याच्या निमित्तानं मी तिची पाठ, दंड, पोटऱ्या सगळं पाहिलं. एक ओरखडा नाही. लहू, तुझ्यावर संशय घेतला त्याची लाज वाटते, पण पाहिल्याशिवाय मला चैन पडलं नसतं.

मग मी डोळे उघडे ठेवून बसले. ही पोर माझ्या घरात सावलीसारखी फिरते. मी ओट्याशी उभी असते आणि ही माझ्यामागे येऊन केव्हाची उभी राहिलेली असते, माझ्या हातून कप फुटला एकदा. खुर्ची उचलून ठेवते, ओढत नाही. आमचे सुधीर पेपर वाचताना मोठ्यानं शिंकले तर तिनं दचकून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी जेवताना माझ्या कानाशी येऊन विचारते, "आत्या, वेअर श्लेफ्ट?" कोण झोपलंय? मी म्हटलं, कुणी नाही गं, आपण तिघंच आहोत. तिनं विश्वास ठेवला नाही. जेवण झाल्यावर सगळ्या खोल्यांत डोकावून आली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मारहाण शोधत होते, कीर्ती चामडीचा रंग शोधत होती, आणि पोरीला गप्प केलं ते तुमच्या घरानं. चार वर्षं तिनं उशाशी झोपलेला बाप सांभाळला. वर्गात तिला उत्तर येतं, पण मोठ्यानं बोलायची तिला परवानगीच नाही असं तिचं शरीर समजतं. कीर्ती, ज्या गोष्टीसाठी तू शिरा केलास ना, त्याच गोष्टीला तुझी फ्राऊ लिंडनर नापास करतेय.

काल तिला बंदरातल्या फेरीबोटीवर नेलं. वारा असा की शेजारचा ओरडला तरी कळू नये. मी तिला म्हटलं, तू त्या टोकाला उभी राहा, मी इथे, आणि मला हाक मार. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा दिसल्या, आवाज नाही. परत, नाही. तिसऱ्या खेपेला आला, घोगरा, फाटका, "आत्या!" दोन-चार माणसं वळून हसली. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की आता शिक्षा काय होणार.

म्हणून सांगते, तिला इथे ठेवा. सुगतची खोली आहे, तिथे दार लावून ती हवं तेवढं ओरडेल. आमच्या कोपऱ्यावरच्या गिम्नाझियुममध्ये मी बोलून आलेय, पालकांनी अर्ज केला तर ते घेतील. तुम्ही सहीचं पत्र पाठवा, बाकी माझ्यावर सोडा. तुमच्याकडे राहिली तर ती त्या शेवटच्या बाकावरच म्हातारी होईल.

तुमची,
अरुणाताई


झिंडेलफिंगेन
२० एप्रिल २००६

ताई,

तुम्ही शाळेत आधीच बोलून आलात. आम्हाला विचारायच्या आधी. हे वाक्य मी चारदा वाचलं.

मला आता सगळं वेगळंच दिसायला लागलंय. पत्रातली ती शंका, ईस्टरचं आमंत्रण, न्हाऊ घालणं. सुगत गेल्यापासून तुमची ती खोली रिकामी आहे. तुम्हाला घरात पोर हवंय, आणि आमची गरिबी तुम्हाला कामाला आली. खोटं आहे का हे? तुमच्या घराला चार खोल्या आहेत म्हणून आमच्या पोरीवर तुमचा हक्क होत नाही.

लहूनं पत्र वाचलं. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ताई बरोबर बोलते. पाठवून देऊ." एवढं बोलून कामाचे बूट घालायला लागला. मी म्हटलं, ही रात्रपाळी तू कशासाठी घेतलीस? मोठं घर घ्यायचं म्हणून. पोरीला खोली मिळावी म्हणून. आणि ती खोली मिळेपर्यंत पोर दुसऱ्याच्या घरी? त्यानं बुटांच्या नाड्या बांधल्या आणि डबा उचलला.

दीपाला शनिवारी घ्यायला लहू येतोय. ठेवायचं की नाही ते आम्ही तिला घरी आणल्यावर ठरवू. तिथे परस्पर ठरवायचं नाही.

कीर्ती


हॅम्बर्ग
२५ एप्रिल २००६

कीर्ती,

पोहोचली असेल. तिची लोकरी टोपी इथे राहिली, ती वेगळी पाठवलीय.

हो, खोली रिकामी आहे. अठरा पुरी झाली आणि सुगत इथल्या मुलांसारखा बॅग भरून गेला, त्यानंतर मी त्या खोलीत जाऊन नुसती बसायची. दीपा आली आणि मी तिथे नवी चादर घातली, पडदे धुतले. तू बरोबर ओळखलंस आणि ते मला टोचलं. पण माझा स्वार्थ आहे म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही. दोन्ही खरं आहे, काय करशील? मी अजून म्हणते, तिनं इथे राहावं.

एक गोष्ट तुला लहू सांगणार नाही म्हणून मी सांगते. स्टेशनवर दीपा सुधीरबरोबर पाण्याची बाटली घ्यायला गेली होती. आम्ही भाऊ-बहीण फलाटावर उभे. लहू खाली बघत होता. मग मला म्हणाला, "ताई, फेरीवर ती ओरडली म्हणालीस ना. तिचा आवाज कसा आहे गं?"

गाडी गेल्यावर मी तिथेच बाकावर बसून रडले. जे ठरवाल ते कळव.

अरुणाताई


झिंडेलफिंगेन
११ जून २००६

ती. ताई,
सप्रेम जय भीम.

इतके दिवस लिहिलं नाही. राग होता, तो गेला, मग शरम होती, ती अजून आहे. आधी बातम्या सांगते.

दीपा कुठेही जाणार नाही. ती इथेच राहील, आमच्याजवळ. मी आणि लहू फ्राऊ लिंडनरकडे गेलो. लहू झोप सोडून, दाढी करून आला होता. मी आमचं घर कसं चालतं ते सगळं सांगितलं, सतरंजी, नळ, बूट, सगळं. बाईनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला वाटत होतं तिला जर्मन बोलताच येत नाही." चार वर्षं हिनं हेच धरलं होतं ताई, आणि विचारायची तसदी एकदाच घेतली, तीही घरी येऊ का म्हणून, तेव्हा मीच तिला येऊ नका म्हटलं. तिच्यावरचा माझा संशय सगळा गेलेला नाही. दीपाला तिनं आता पुढच्या बाकावर आणलंय, आणि मी अजूनही सकाळी शाळेच्या खिडकीतून बघून खात्री करते.

पुन्हा चाचणी झाली. लेखी उत्तम, तोंडी अर्धवट. निकाल रेआलशूल, म्हणजे मधली शाळा. तिथून दहावीनंतर वर चढता येतं. तुमच्याकडे आली असती तर थेट गिम्नाझियुम मिळालं असतं, हे मला रोज आठवतं. तुम्ही आठवण करून देऊ नका.

ऑगस्टपासून लहूची दिवसपाळी. रात्रीचा जादा पगार गेला, त्याबरोबर मोठं घरही निदान पाच-सात वर्षं पुढे गेलं. त्याला मी काही म्हटलं नव्हतं, तो स्वतःच साहेबाकडे गेला.

ते कसं झालं, हे सांगायला खरं तर हे पत्र. मे महिन्यातली दुपार होती. लहू नुकताच उठला होता, आम्ही दोघं स्वयंपाकाच्या कोनाड्यात उभे राहून तुमच्या प्रस्तावावर बोलत होतो. हळू आवाजात, नेहमीसारखं. लहू म्हणत होता, तिच्या भल्यासाठी पाठवू. मी म्हणत होते, नाही. दीपा सतरंजीवर वहीत डोकं घालून बसली होती. तिला आपलं मराठी सगळं कळतं हे आम्ही कसे विसरतो कोण जाणे. मी बोलता बोलता चिडून म्हणाले, "मग तिचे कपडे कधी भरायचे ते तरी सांग."

ती उठून उभी राहिली. आणि ओरडली. ताई, तुम्ही फेरीवर ऐकलंत तो वाऱ्यातला आवाज होता, हा दीड खोलीतला. काचा हलल्या असं मला वाटलं. जर्मनमध्ये ओरडत होती, लालेलाल होऊन, "मला पाठवू नका! मी तर आवाजच करत नाही! मी कधीच आवाज करत नाही! हॅम्बर्गला फक्त एकदा ओरडले, आणि तेही आत्यानं सांगितलं म्हणून!"

तुमच्याकडून आल्यापासून ती हेच मनात घेऊन बसली होती. फेरीवर आवाज केला, म्हणून आईबाप घरातून काढताहेत. म्हणून आल्यापासून ती आणखी हळू चालायची, आणि मला वाटायचं, प्रवासानं दमलीय.

ती थांबेचना. "मी शांत राहीन, मी आणखी शांत राहीन," हे ती गळा फाडून ओरडत होती. खालून फ्राऊ फिस्टररनं झाडूच्या दांड्यानं छताला ठोकायला सुरुवात केली. सवयीनं माझं बोट ओठांवर गेलं.

लहूनं माझा हात धरून खाली घेतला.

तुमची,
कीर्ती